सूर्याची वेळ टिपून ठेवणारा माणूस : रिचर्ड कॅरिंग्टन

सूर्य रोज उगवतो आणि रोज मावळतो. त्याच्याइतके नेमाने वागणारे दुसरे कोणी नाही, असे आपण मानतो. पण हाच सूर्य अधूनमधून खवळतो. त्याच्या पृष्ठभागावर स्फोट होतात, कोट्यवधी टन तप्त वायू अवकाशात फेकला जातो आणि तो पृथ्वीच्या वाटेवर आला, तर इथली होकायंत्राची सुई थरथरू लागते. हे ज्ञान मानवाला फार उशिरा मिळाले. त्याची सुरुवात १ सप्टेंबर १८५९ या दिवशी पाच मिनिटांत घडलेल्या एका घटनेपासून झाली. त्या पाच मिनिटांचे साक्षीदार होते रिचर्ड क्रिस्टोफर कॅरिंग्टन. ‘कॅरिंग्टन घटना’ हे नाव आज जगभरच्या विज्ञानाच्या पुस्तकांत येते. मात्र त्या नावामागचा माणूस आपल्याला फारसा ठाऊक नसतो. म्हणून या अंकासाठी आम्ही त्यांचे चरित्र निवडले आहे. या कथेत आपल्या मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचाही मोलाचा वाटा आहे. तो कोणता, ते पुढे येईलच.

बालपण आणि शिक्षण

कॅरिंग्टन यांचा जन्म २६ मे १८२६ रोजी लंडनच्या चेल्सी भागात झाला. वडिलांचा ब्रेंटफर्ड येथे बिअर तयार करण्याचा मोठा कारखाना होता. घरी पैशाला तोटा नव्हता. मुलाने धर्मोपदेशक व्हावे अशी वडिलांची इच्छा होती आणि त्याच हेतूने १८४४ मध्ये रिचर्ड केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाले. तिथे प्राध्यापक चॅलिस यांची खगोलशास्त्रावरील व्याख्याने त्यांच्या कानांवर पडली आणि त्यांच्या आयुष्याची दिशाच बदलली. यंत्रांची जुळवाजुळव आणि मोजमाप यांत हा तरुण रमू लागला. वडिलांनीही आपला हट्ट सोडला.

१८४८ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या मानाच्या परीक्षेत त्यांचा क्रमांक छत्तिसावा आला. पहिल्या पाच-दहांत ज्यांचे नाव आले नाही, त्या आमच्या विद्यार्थ्यांनी ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी.

पुढच्या वर्षी डरहॅम विद्यापीठाच्या वेधशाळेत निरीक्षक म्हणून त्यांना नोकरी मिळाली. पण तिथली उपकरणे मनासारखे काम करण्याइतकी चांगली नव्हती. १८५२ मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली. वडिलांच्या आधाराने लंडनच्या दक्षिणेला, सरे परगण्यातल्या रेडहिल गावी त्यांनी स्वतःचे घर आणि त्याला लागूनच वेधशाळा बांधली. १८५३ च्या उन्हाळ्यात ते तिथे राहायला गेले.

रात्री तारे, दिवसा सूर्य

रेडहिलला कॅरिंग्टन यांनी दोन कामे हाती घेतली. रात्री ते ध्रुवाजवळच्या ताऱ्यांची स्थाने मोजत. १८५७ मध्ये त्यांची ३,७३५ ताऱ्यांची यादी प्रसिद्ध झाली. ती इतकी काटेकोर होती की लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने १८५९ च्या आरंभी त्यांना सुवर्णपदक दिले.

दिवसाचे काम होते सूर्यावरचे डाग मोजण्याचे. जर्मनीतील हाइनरिश श्वाबे यांनी वर्षानुवर्षे डाग मोजून १८४३ मध्ये असे दाखवले होते की ते सुमारे दहा वर्षांच्या चक्राने वाढतात आणि कमी होतात. आज आपण हे चक्र सरासरी अकरा वर्षांचे धरतो. पुढे १८५२ मध्ये इंग्लंडच्या एडवर्ड सबाइन यांना आणखी एक गोष्ट दिसली. ज्या वर्षांत सूर्यावर डाग जास्त असतात, त्याच वर्षांत पृथ्वीवरच्या चुंबकीय सुया जास्त अस्वस्थ असतात! पंधरा कोटी किलोमीटरवरचा डाग आणि टेबलावरची सुई यांचा काय संबंध? ते कोणालाच सांगता येत नव्हते. डागांचे एक संपूर्ण चक्र काळजीपूर्वक मोजायचे, असे कॅरिंग्टन यांनी ठरवले. ९ नोव्हेंबर १८५३ पासून त्यांनी नोंदी सुरू केल्या.

सूर्याकडे ते दुर्बिणीतून थेट पाहत नसत. साडेचार इंचांच्या दुर्बिणीने सूर्याची सुमारे अकरा इंच व्यासाची प्रतिमा ते फिकट पिवळा रंग दिलेल्या काचेवर पाडत. दुर्बिणीत एकमेकांना काटकोनात छेदणाऱ्या दोन बारीक तारा ताणलेल्या होत्या. दुर्बीण स्थिर ठेवली की पृथ्वीच्या फिरण्यामुळे सूर्याची प्रतिमा त्या तारांवरून आपोआप सरकत जाई. सूर्याची कड तारेला कधी लागली आणि डाग तारेला कधी लागला, या वेळा ते बारीक चालणाऱ्या घड्याळावर टिपत. त्या वेळांतून गणिताने डागाचे स्थान निघे. म्हणजे त्यांची खरी मोजपट्टी घड्याळ ही होती. ही बाब पुढच्या गोष्टीसाठी ध्यानात ठेवा.

ढग नसतील त्या दिवशी हे काम चुकवायचे नाही, असा त्यांचा नेम होता. थेंबे थेंबे तळे साचे, म्हणतात तसेच झाले. साडेसात वर्षांत डागांच्या ९५४ समूहांची ५,२९० निरीक्षणे जमली. त्यांतून त्यांना दिसले की सूर्य पृथ्वीसारखा घट्ट गोळा होऊन फिरत नाही. त्याच्या विषुववृत्तावरचे डाग सुमारे २५ दिवसांत फेरी पुरी करतात, तर ५० अंशांच्या आसपास त्याच फेरीला साडेसत्तावीस दिवस लागतात. आणखी एक गोष्ट अशी की नव्या चक्राचे पहिले डाग विषुववृत्तापासून दूर उगवतात आणि चक्र पुढे सरकते तसे ते विषुववृत्ताकडे उतरत येतात. हे शोध पुढे सूर्याच्या अभ्यासाचा पाया ठरले.

मात्र घरची परिस्थिती पालटली होती. १८५८ च्या जुलैमध्ये वडील वारले आणि कारखान्याचा भार मुलावर आला. आता दिवस कारखान्यात आणि रात्र वेधशाळेत अशी त्यांची ओढाताण सुरू झाली.

ती पाच मिनिटे

१ सप्टेंबर १८५९, गुरुवार. आकाश स्वच्छ होते. नेहमीप्रमाणे कॅरिंग्टन वेधशाळेत डागांचा एक मोठा समूह कागदावर उतरवून घेत होते. सकाळचे ११ वाजून १८ मिनिटे झाली आणि त्या डागसमूहावर पांढऱ्याशुभ्र, डोळे दिपवणाऱ्या प्रकाशाचे दोन ठिपके अचानक उमटले.

त्यांचा पहिला संशय आपल्याच उपकरणावर गेला. पडद्याला कुठे भोक पडले असेल आणि बाहेरचे ऊन आत येत असेल, असे त्यांना वाटले. म्हणून त्यांनी दुर्बीण जरा हलवून पाहिली. प्रतिमेबरोबर ठिपकेही हलले. याचा अर्थ ते सूर्यावरच होते. त्यांनी घड्याळात पाहून वेळ टिपली आणि साक्षीला कोणी मिळते का, हे पाहायला ते धावले. मिनिटभरात परत आले, तर तेवढ्यात प्रकाश बराच मंदावला होता. ११ वाजून २३ मिनिटांनी तो पूर्ण मावळला. या पाच मिनिटांत ते ठिपके सूर्यावर सुमारे ५६,००० किलोमीटर सरकले होते. एवढ्या अंतरात आपल्या चार पृथ्व्या शेजारी शेजारी बसतील. आणि खालचे डाग? ते होते तसेच होते. कॅरिंग्टन यांनी काढलेले चित्र आधी आणि नंतर तंतोतंत जुळत होते. म्हणजे प्रकाशाचा हा खेळ डागांच्या बराच वर, सूर्याच्या वातावरणात झाला असावा, असे त्यांनी अनुमान काढले.

त्यांच्या हाकेला वेळेत कोणी आले नाही. परंतु नशिबाने लंडनजवळच्या हायगेट येथे रिचर्ड हॉजसन नावाचे दुसरे निरीक्षक त्याच वेळी सूर्य पाहत होते. त्यांनाही तो प्रकाश दिसला होता. हे कळल्यावर कॅरिंग्टन यांनी काय करावे? भेटून दोघांच्या टिपणांचा ताळा जमवणे सोपे होते. त्यांनी तसे केले नाही. दोन्ही वृत्तान्त सोसायटीपुढे स्वतंत्रपणे यावेत, एकाची छाप दुसऱ्यावर पडू नये, म्हणून त्यांनी हॉजसन यांच्याशी माहितीची देवाणघेवाण कटाक्षाने टाळली. परीक्षेत शेजारच्याची उत्तरपत्रिका पाहू नये असे शिक्षक सांगतात, त्यामागे हेच कारण आहे. जुळवून घेतलेल्या दोन उत्तरांची किंमत एकाच उत्तराइतकी असते.

दुसऱ्या दिवशीचे वादळ

सुमारे साडेसतरा तासांनी, २ सप्टेंबरच्या पहाटे, इंग्लंडमधल्या क्यू येथील चुंबकीय वेधशाळेतल्या सुया वेड्यावाकड्या हलू लागल्या. जगभर हाच प्रकार चालला होता. एरवी ध्रुवांजवळच दिसणारे रंगीत ध्रुवीय प्रकाश उष्ण कटिबंधातल्या क्युबापर्यंत दिसले. अमेरिकेतल्या रॉकी पर्वतात सोन्याच्या खाणींवरचे कामगार मध्यरात्री उजेड पाहून पहाट झाली असे समजले आणि न्याहारीच्या तयारीला लागले. तारायंत्रांच्या तारांत आपोआप वीज खेळू लागली. काही ठिकाणी ठिणग्या उडाल्या. बॉस्टन आणि पोर्टलंडच्या तारमास्तरांनी तर बॅटऱ्या काढून ठेवल्या आणि आकाशातून आलेल्या विजेवरच एकमेकांना संदेश पाठवले!

कॅरिंग्टन यांनी क्यूला जाऊन तिथल्या नोंदी पाहिल्या. त्या नोंदी छायाचित्राच्या कागदावर आपोआप उमटत असत. त्यांत दोन गोष्टी आढळल्या. पहाटेचे मोठे वादळ तर होतेच. शिवाय आदल्या दिवशी, सूर्यावर प्रकाश चमकला त्याच सुमारास, सुईने एक लहानसा झटका दिला होता.

आता जरा विचार करा. इतकी मोठी बातमी हाती आलेली. दुसरा कोणीही ‘सूर्याने पृथ्वीवर वादळ पाठवले’ अशी दवंडी पिटून मोकळा झाला असता. नोव्हेंबरच्या सभेत कॅरिंग्टन यांनी दोन्ही घटनांच्या वेळा श्रोत्यांपुढे ठेवल्या, त्यांची जवळीक ध्यानात घ्यावी असे सुचवले, आणि एवढ्या एका उदाहरणावरून दोन्हींचा संबंध जोडण्याची घाई नको असेही बजावले. शितावरून भाताची परीक्षा आपण स्वयंपाकघरात खुशाल करतो. विज्ञानात ती चालत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

मुंबईची सुई

आता आपल्याकडे वळू. मुंबईच्या कुलाबा येथे ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये वेधशाळा उभारली होती. कॅरिंग्टन यांचा जन्म आणि कुलाबा वेधशाळेची स्थापना एकाच वर्षीची, हा एक छान योगायोग. १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नियमित नोंदी होऊ लागल्या. गणिती आणि ज्योतिर्विद म्हणून पुढे नावाजलेले केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे आपले केरूनाना, यांनी त्या सुरुवातीच्या वर्षांत याच वेधशाळेत काम केले. १८५९ च्या आधीच ते अध्यापनाकडे वळले होते.

कुलाब्याला तेव्हा आपोआप नोंद करणारे यंत्र नव्हते. निरीक्षक ठरलेल्या वेळी उपकरणाशी जाऊन डोळ्यांनी आकडा वाचत आणि वहीत लिहीत. सुई अस्वस्थ झाली, तर तासाऐवजी काही मिनिटांच्या अंतराने वाचन करायचे, अशी शिस्त होती. रेडहिलला प्रकाश चमकला तेव्हा मुंबईच्या घड्याळात दुपारचे चार वाजून गेले होते. वादळ आले ते मुंबईत २ सप्टेंबरच्या सकाळी. दिवसाउजेडी आकाशात ध्रुवीय प्रकाश दिसण्याचा प्रश्नच नव्हता. रस्त्यावरच्या माणसाला काही घडते आहे याची गंधवार्ताही नसेल. बोलत होती ती फक्त वेधशाळेतली सुई. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजाला समांतर असलेला घटक थोड्याच वेळात सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने घसरला. मुंबईतल्या त्याच्या एकूण मूल्याच्या हे सुमारे चार टक्के होते. एरवीच्या मोठ्या वादळात ही घट काही शे नॅनोटेस्लांची असते. तिथल्या निरीक्षकांनी घाबरून वही मिटली नाही. आकडे लिहीत राहिले.

त्या वह्या जपल्या गेल्या. पुढे या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांच्या काळात मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले. त्यांच्या विजेमुळे सुया बिघडल्या असत्या. म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. जुन्या आणि नव्या नोंदींची साखळी तुटू नये, म्हणून १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी केली गेली. २००३ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लखिना आणि शोभना अ‍ॅलेक्स यांनी अमेरिकेच्या ब्रूस त्सुरुतानी आणि ब्राझीलच्या वॉल्टर गोन्झालेझ यांच्यासह त्या कुलाब्याच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. १८५९ चे वादळ किती जबर होते, हे आकड्यांत सांगणारी उष्ण कटिबंधातली ती अतिशय दुर्मिळ नोंद ठरली. इतर कित्येक ठिकाणी सुया मापाबाहेर गेल्यामुळे नोंद अर्धवट राहिली होती. रेडहिलची वही आणि कुलाब्याची वही अशा रीतीने जवळजवळ दीडशे वर्षांनी शेजारी शेजारी आल्या. दोन्हींवर नेमकी वेळ लिहिलेली होती, म्हणूनच हे जमले.

मधल्या अवकाशात घडते काय?

सूर्यावरचे डाग म्हणजे तीव्र चुंबकत्वाच्या जागा. तप्त वायूच्या घुसळणीमुळे तिथल्या चुंबकीय रेषा सुंभासारख्या पिळल्या जातात. पीळ हाताबाहेर गेला की त्या रेषा तुटून नव्या तऱ्हेने जोडल्या जातात आणि साठलेली ऊर्जा एकदम मोकळी होते. तिचे दोन भाग पडतात.

पहिला भाग प्रकाशाचा, ज्याला सौरज्वाला म्हणतात. प्रकाश आणि क्ष-किरण आठ मिनिटे वीस सेकंदांत पृथ्वीवर येतात. क्ष-किरणांमुळे आपल्या वातावरणाच्या वरच्या थरात जास्त वीज वाहू लागते. क्यूच्या सुईने आदल्या दिवशी दिलेला लहानसा झटका हा त्याचाच परिणाम होता.

दुसरा भाग पदार्थाचा. सूर्याच्या प्रभामंडळातून विद्युतभारित वायूचा, म्हणजे प्लाझ्माचा, प्रचंड लोट आपले चुंबकीय क्षेत्र बरोबर घेऊन बाहेर पडतो. सूर्य आणि ग्रह यांच्यामधली जागा रिकामी नाही. तिथे सेकंदाला साधारण ४०० किलोमीटर वेगाने सौरवारा सतत वाहत असतो. त्याहून वेगवान लोट मागून आला की भरधाव होडीच्या नाकासमोर लाट उठावी तशी त्याच्यापुढे धक्कालहर तयार होते. हीच आंतरग्रहीय अवकाशातली खळबळ. एरवी लोटाला पृथ्वीपाशी यायला एक ते चार दिवस लागतात. १८५९ चा लोट साडेसतरा तासांत आला. त्याचा सरासरी वेग सेकंदाला २,३०० किलोमीटरहून अधिक होता. चार दिवस आधी, २८-२९ ऑगस्टलाही एक वादळ होऊन गेले होते. त्या पहिल्या लोटाने वाट मोकळी केल्यामुळे दुसऱ्याला कमी अडथळा झाला असावा, असे मानले जाते.

लोट पृथ्वीला धडकला तरी दर वेळी वादळ होतेच असे नाही. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र हे आपले कवच आहे. लोटातले क्षेत्र दक्षिणेकडे वळलेले असेल, तर ते या कवचाच्या उत्तरेकडे रोख असलेल्या रेषांशी जोडले जाते आणि ऊर्जेला आत शिरायला दार मिळते. मग पृथ्वीभोवती विजेचे प्रवाह वाढतात, सुया घसरतात, ध्रुवीय प्रकाश पसरतो आणि लांबलचक तारांतून नको असलेली वीज वाहू लागते.

शेवटची वर्षे

कॅरिंग्टन यांना यातले काहीच कळायचे नव्हते. कारखान्याच्या व्यापामुळे आणि ढासळत्या तब्येतीमुळे मार्च १८६१ मध्ये त्यांनी डागांची मोजणी थांबवली. संपूर्ण चक्र मोजण्याचा संकल्प अपुरा राहिला. रेडहिलची वेधशाळा विकावी लागली. केंब्रिजच्या वेधशाळेचे प्रमुखपद मिळावे म्हणून त्यांनी प्रयत्न केला, पण ते नेपच्यूनच्या गणितामुळे नावाजलेल्या जॉन अ‍ॅडम्स यांच्याकडे गेले. आपल्या निरीक्षणांचा ग्रंथ मात्र त्यांनी १८६३ मध्ये पूर्ण करून छापला.

१८६५ मध्ये मोठे आजारपण आले. त्यांनी कारखाना विकला आणि सरेमधल्याच चर्ट गावाजवळ एका टेकडीवर ते राहू लागले. तिथेही त्यांनी वेधशाळा बांधली, पण पूर्वीसारखे काम पुन्हा उभे राहिले नाही. संसारातही त्यांना सुख लाभले नाही. नोव्हेंबर १८७५ मध्ये झोपेच्या औषधाची मात्रा जास्त झाल्याने त्यांच्या पत्नीचा मृत्यू झाला. तिची नीट काळजी घेतली गेली नाही, असा ठपका चौकशीत त्यांच्यावर आला. दहाच दिवसांनी, २७ नोव्हेंबरला, स्वतःच्या घरात एकटेच असताना त्यांचा मृत्यू झाला. वय अवघे ४९. सोसायटीसाठी मृत्युपत्रात त्यांनी दोन हजार पौंड ठेवले होते.

संशयापासून खात्रीपर्यंत

त्यांच्या पश्चातही हा प्रश्न लोंबकळत राहिला. १८९२ मध्ये लॉर्ड केल्व्हिन यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञाने हिशेब मांडून सांगितले की सूर्य असे वादळ पाठवूच शकत नाही. त्यांच्या गणितानुसार एका आठ तासांच्या वादळासाठी सूर्याला चार महिन्यांच्या उष्णता-प्रकाशाइतकी ऊर्जा खर्चावी लागली असती. गणित बिनचूक होते. पण सूर्याचा चुंबकीय प्रभाव चहूकडे सारखा पसरतो, असे त्यांनी गृहीत धरले होते. लोट एकाच दिशेने जातो, हे तेव्हा माहीत नव्हते.

१९०४ मध्ये वॉल्टर माँडर यांनी दाखवले की काही वादळे सुमारे २७ दिवसांनी पुन्हा येतात, म्हणजे सूर्याची तीच बाजू आपल्याकडे वळली की येतात. १९३१ मध्ये सिडनी चॅपमन आणि व्हिन्सेंट फेरारो यांनी सूर्याकडून येणाऱ्या भारित वायूच्या ढगाची कल्पना मांडली. १९५८ मध्ये यूजीन पार्कर यांनी सौरवाऱ्याचे गणित दिले आणि १९६२ मध्ये ‘मरिनर २’ या यानाने तो प्रत्यक्ष मोजला. डिसेंबर १९७१ मध्ये एका उपग्रहाने सूर्यातून बाहेर पडणारा लोट प्रथमच टिपला. कॅरिंग्टन यांनी ‘घाई नको’ म्हटल्याला तेव्हा एकशे बारा वर्षे झाली होती.

आज हा विषय नुसत्या कुतूहलाचा राहिलेला नाही. १३ मार्च १९८९ च्या वादळाने कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात साठ लाख लोकांची वीज नऊ तास गेली. २३ जुलै २०१२ रोजी १८५९ च्या तोडीचा एक लोट सुटला, पण सुदैवाने पृथ्वी त्याच्या वाटेत नव्हती. १० आणि ११ मे २०२४ च्या वादळात तांबडा ध्रुवीय प्रकाश लडाखमधल्या हानले येथूनही टिपला गेला. १८५९ मध्ये जगात तारायंत्रे होती. आज वीजजाळी, उपग्रह, विमानांचे दळणवळण आणि हातातल्या फोनचा नकाशा, हे सारे त्या वादळाच्या वाटेत उभे आहे.

यासाठीच भारताने २ सप्टेंबर २०२३ रोजी ‘आदित्य एल १’ हे यान सोडले. १८५९ च्या वादळाचीही तारीख २ सप्टेंबरच! ६ जानेवारी २०२४ रोजी ते पृथ्वीपासून सुमारे पंधरा लाख किलोमीटर दूर, सूर्याच्या बाजूला असलेल्या ठरलेल्या कक्षेत पोचले. त्यावरची एक दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेने तयार केली आहे. त्या जागी ठेवलेल्या यानांवरून लोट आधी जातो, त्यामुळे पृथ्वीला काही मिनिटांची, कधी तासाभराची पूर्वसूचना मिळू शकते.

आपण काय घ्यावे?

सूर्याच्या फेऱ्या शास्त्रज्ञ आजही कॅरिंग्टन यांच्या नावाने मोजतात. पहिली फेरी धरली जाते ९ नोव्हेंबर १८५३ या दिवसापासून, म्हणजे त्यांनी नोंदी सुरू केल्या त्या दिवसापासून. २०२५ मध्ये ही मोजणी तेवीसशेच्या पुढे गेली.

पालकांना आणि विश्वस्तांना आमची एक विनंती आहे. प्रयोगशाळेसाठी महागडी उपकरणे जरूर घ्यावीत, पण सोबत एक साधी वही आणि एक बरोबर चालणारे घड्याळही द्यावे. शाळेच्या गच्चीवर रोज एकाच वेळी तापमान मोजावे, पाऊस मोजावा. शिक्षकांच्या देखरेखीखाली सूर्याची प्रतिमा कागदावर पाडून डाग दिसले तर तेही काढावेत. मुलांनो, सूर्याकडे किंवा दुर्बिणीतून सूर्याकडे थेट कधीही पाहू नका. डोळे कायमचे जातात. प्रतिमा पाहण्याची कॅरिंग्टन यांची रीतच सुरक्षित आहे.

वहीत तारीख लिहा, वेळ लिहा, दिसले तेवढेच लिहा. आकाश ढगाळ असेल, तर ‘ढगाळ’ असे लिहा. कुलाब्याच्या त्या निरीक्षकांची नावे आपल्या पाठ्यपुस्तकांत नाहीत. पण २ सप्टेंबर १८५९ च्या सकाळी त्यांनी आपले वाचन चुकवले नाही, म्हणून आज साऱ्या जगाला त्यांचा आकडा वापरता येतो.